मंदीतली यॉट चार्टर: सवलतीचा पैसा नेमका कुणाच्या वाट्याचा जातो?

नांगरपाळी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेल्या काही महिन्यांत मला चार जणांनी एकच प्रश्न विचारला. "बाजार मंदावलाय, यॉटवाले दर पाडून द्यायला तयार आहेत, मग घासून भाव करावा का?" विचारणारे सगळे आयुष्यात एकदा तरी क्रूसह शिडाची यॉट भाड्याने घ्यायची म्हणून वर्षानुवर्षं पैसे बाजूला टाकणारे. त्यांचा प्रश्न रास्तच आहे. पण फोनवर सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून इथे लिहितो.

२००७ ते २०१४ मी चार्टरच्या, म्हणजे भाड्याने चालणाऱ्या, शिडाच्या यॉटवर होतो. डेकहँड, म्हणजे डेकवरचा कामगार, म्हणून चढलो, मेट, म्हणजे कॅप्टनच्या हाताखालचा अधिकारी, म्हणून उतरलो. २००८ ची मंदी मी वर्तमानपत्रात कमी वाचली आणि डेकवरून जास्त पाहिली.

आधी व्यवहार कसा चालतो ते सांगतो. नुसती बोट घेऊन स्वतः चालवायची ती बेअरबोट. कॅप्टन, मेट, शेफ, स्टुअर्डेस यांच्यासकट मिळते ती क्रूसह चार्टर. मोठ्या यॉटचे करार बहुतेक मायबा या संस्थेच्या नमुन्यावर होतात. ही ब्रोकर लोकांची संस्था १९८४ साली भूमध्य समुद्रात सुरू झाली, आता तिचा नमुना जगभर चालतो. आठवड्याचं मूळ भाडं वेगळं. इंधन, खाणंपिणं, बंदराचं शुल्क यांसाठी आगाऊ रक्कम वेगळी भरायची, तिला एपीए म्हणतात. मोटरयॉटला ती भाड्याच्या ३० टक्क्यांच्या आसपास जाते, शिडाच्या यॉटला त्याहून थोडी कमी. कॅप्टन त्यातून खर्च करतो, पावत्या ठेवतो, उरलेलं परत देतो. सही करताना अर्धं भाडं, उरलेलं निघायच्या साधारण महिनाभर आधी.

यात एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. सवलत मिळते ती मूळ भाड्यावर. इंधन कुणी मंदी आहे म्हणून स्वस्त देत नाही.

१५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा आमची ३० मीटरची केच, म्हणजे दोन डोलकाठ्यांची यॉट, फ्रान्समधल्या अँटीबला धक्क्याला लागलेली होती. भूमध्यातला हंगाम संपत आलेला. महिन्याच्या अखेरीला मोनॅकोला दरवर्षीसारखं यॉटचं प्रदर्शन भरलं. दिवे, पाहुणे, नव्या बोटी, सगळं नेहमीसारखं होतं. फक्त ब्रोकर मंडळी बोलता बोलता फोन घेऊन बाजूला जात होती. नोव्हेंबरात आम्ही कॅनरी बेटांवरून अटलांटिक ओलांडायला निघालो. २,७०० सागरी मैलांच्या आसपासचा पल्ला, पाठीमागून व्यापारी वारे, इंजिन जवळजवळ बंद. कॅरिबियनमधल्या अँटिग्वाच्या इंग्लिश हार्बरला पोचून ईमेल उघडले, तर नाताळाच्या आठवड्यासकट तीन बुकिंगं गेलेली होती.

त्यानंतर जे झालं ते एका दिवसात झालं नाही. आधी नवं मोठं शीड शिवायचं पुढे ढकललं गेलं. मग सातांतले दोघं घरी गेले आणि त्यांची कामं आमच्या पाचांत वाटली गेली. मग पगार महिन्याच्या पहिल्या तारखेऐवजी दहाला यायला लागला, मग वीसला. कुणी आम्हाला फसवत होतं असं मी म्हणणार नाही. मालकाच्या ऑफिसातला माणूस प्रत्येक वेळी खरंच दिलगीर असायचा. पण जिथे आवाज कमी, तिथून पैसा आधी निघतो. बोट बोलत नाही, आणि क्रूला पुढची नोकरी हवी असते म्हणून क्रूही बोलत नाही.

फेब्रुवारीतला एक दिवस तपशिलात सांगतो. दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते. मी बोसन चेअरमध्ये, म्हणजे दोराने वर खेचायच्या झोपाळ्यासारख्या बैठकीत, बसून डोलकाठीवर तपासणीला चढलो. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या ज्या जाड तारा असतात, श्राउड म्हणतात त्यांना, त्या १९ पोलादी धाग्यांच्या पिळलेल्या असतात. तपासायची रीत साधी आहे. टिश्यू पेपर हातात घ्यायचा आणि तारेवरून हलक्या हाताने खाली ओढत यायचं. धागा तुटलेला असेल तर कागद अडकून फाटतो. डोळ्याला दिसत नाही ते कागदाला कळतं. उजवीकडच्या तारेवर, ती जिथे खालच्या टोकाच्या नळीत दाबून बसवलेली असते त्याच्या अगदी वर, कागद अडकला. पुन्हा फिरवला, पुन्हा अडकला. नखाने चाचपलं तर केसासारखं टोक बाहेर आलेलं आणि भोवती तांबूस डाग.

१९ मधला एक. भार तोच राहतो, तो उरलेल्या १८ वर जातो, आणि गंज आत कुठवर गेलाय ते कुणालाच दिसत नाही. ती तार गेली आणि त्या बाजूचा वारा असला तर डोलकाठीच खाली येते.

ऑफिसचं उत्तर आलं, "हा आठवडा काढा, हंगाम संपल्यावर सगळ्याच तारा बदलू." आमच्या कॅप्टनने ऑफिसला कळवलं की पाहुणे घेऊन या तारेवर मी शीड चढवणार नाही. गावातल्या रिगरकडून, म्हणजे डोलकाठीच्या तारा-दोरांचं काम करणाऱ्याकडून, दोन दिवसांत तार बनवून घेतली, पैसे स्वतःच्या कार्डावर भरले. ते त्याला परत मिळायला चार महिने लागले. पाहुण्यांना पहिले दोन दिवस नांगरावरच काढावे लागले आणि त्यांनी तक्रारही लिहिली. ते त्यांच्या जागी बरोबर होते, त्यांना कारण सांगायला आम्हाला मनाई होती.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. मंदीत भाव कमी करून मागायला काहीच हरकत नाही, पण कमी झालेला पैसा कुठून निघतोय हे विचारल्याशिवाय सही करू नका. मालकाच्या खिशातून निघत असेल तर आनंदाने घ्या. तारांतून आणि पगारातून निघत असेल तर ती सवलत तुम्हाला पाण्यात असताना वसूल करून द्यावी लागेल.

अनुभव असतील तर जरूर लिहा. वेगळं मत असेल तर तेही लिहा.

---

जमाखर्च

लेख आवडला, तारेचा प्रसंग वाचताना अंगावर काटा आला. पण हिशेबाच्या बाजूने थोडं वेगळं मांडतो. जहाजांचे ताळेबंद तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत.

यॉटची किंमत १०० धरा. वर्षाचा खर्च किमतीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे, म्हणजे १०. आठवड्याचं भाडं १.२ धरा. चांगल्या वर्षी ८ आठवडे भरले तर ९.६ येतात, त्यातून ब्रोकर वगैरेंचे २० टक्के गेले की ७.६८ उरतात. म्हणजे मालकाला पदरचे २.३२ घालावे लागतात. हे चांगल्या वर्षाचं. चार्टरवर श्रीमंत होणारा मालक मी तरी पाहिला नाही, खर्चाचा भार हलका व्हावा एवढ्यासाठीच तो बोट भाड्याने देतो.

आता मंदीत ४ च आठवडे भरले, सवलत न देता. हातात ३.८४, खड्डा ६.१६ चा. २० टक्के सवलत देऊन तेच ४ आठवडे भरले तर हातात ३.०७, खड्डा ६.९३. फरक बघा. खड्डा २.३२ वरून सहाच्या वर नेला तो रिकाम्या आठवड्यांनी. सवलतीने त्यात एकाहून कमीच भर पडली. विमा, धक्क्याचं भाडं, सर्वेक्षण, पगार, यातलं काहीही बोट रिकामी आहे म्हणून थांबत नाही.

तेव्हा घासाघीस करणाऱ्या पाहुण्याला दोष देऊ नका, ही माझी विनंती. २० टक्के कमी देणारा पाहुणा त्या बोटीला एक आठवडा भरून देतोय. तो आला नसता तर दोघांऐवजी चौघं घरी गेले असते.

---

नांगरपाळी (धागाकर्ता)

जमाखर्च, हे तुम्ही आकड्यांत मांडलंत ते बरं झालं. रिकामा आठवडा सवलतीपेक्षा वाईट, हे मला मान्य आहे. माझ्या लेखात ते नीट आलं नाही.

एक भर मात्र घालतो. सवलतीचेही प्रकार असतात. २००९ मध्ये सगळ्यांत जास्त चाललेली योजना म्हणजे ७ दिवसांच्या भाड्यात १० दिवस. मालकाला ती आवडते, कारण जाहिरातीतला दर कमी दिसत नाही आणि पुढच्या वर्षी तोच दर लावता येतो. पण ते तीन दिवस कोण देतं? एक पाहुणे उतरल्यापासून दुसरे चढेपर्यंतच्या दिवसांत क्रू झोपतो, चादरी धुतो, टाक्या भरतो, दोर ओढायचे विंच उघडून ग्रीस लावतो. ते दिवस त्या योजनेत गेले. नियमाने २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती मिळायला हवी. पाच जणांत सातांचं काम आणि रात्री नांगरावर पहारा, म्हटल्यावर वहीत १० तास लिहिले जायचे आणि झोप सहा तासांची व्हायची. मी स्वतः तशी वही भरली आहे आणि मला त्याची अजून लाज वाटते.

दुसरं, बक्षिसी. ती मूळ भाड्याच्या टक्केवारीत मोजायची पद्धत आहे, मायबाच्या मार्गदर्शनात ५ ते १५ टक्के, कॅरिबियनमध्ये त्याहून जास्त. भाडं खाली आलं की न बोलता बक्षिसीही खाली येते. सवलत घेतलीत तर बक्षिसी जाहिरातीतल्या दरावर काढा. पाहुण्याला फरक थोडा पडतो, डेकहँडला फार पडतो.

---

दगडी_धक्का

मी थोडा कडू प्रतिसाद देतोय, क्षमस्व. मंदीत कारखाने बंद पडतात, लोकांची घरं जप्त होतात, आणि आपण तरंगत्या महालांच्या भाड्यावर चर्चा करतोय. अतिश्रीमंतांची एक चैन थांबली तर समाजाचं काय बिघडतं? त्यांच्यावर कर लावावा आणि तो पैसा गरजूंकडे न्यावा, हे मला जास्त पटतं.

---

खारे_वारे

दगडी_धक्का, तुमचा राग समजतो, पण हा प्रयोग एकदा झालेला आहे. अमेरिकेने १९९१ पासून एक लाख डॉलरवरच्या बोटींना, वरच्या रकमेवर १० टक्के चैनकर लावला. हेतू तुम्ही म्हणता तोच. श्रीमंतांनी काय केलं? नवी बोट घेतली नाही, जुनी वापरली, किंवा बाहेरून घेतली. कर भरायला फार थोडे उरले. आणि बोट बांधणारे सुतार, फायबरग्लासचे कामगार, रंगारी, शिडं शिवणारे घरी बसले. ऑगस्ट १९९३ मध्ये बोटींवरचा तो कर मागे घेतला गेला. त्याच काळात आखाती युद्ध आणि मंदीही होती, तेव्हा सगळं खापर करावर फोडणं बरोबर नाही, पण मार कुणाला बसला ते स्पष्ट दिसलं.

इटलीचंही तसंच. डिसेंबर २०११ मध्ये तिजोरी रिकामी म्हणून १० मीटरपेक्षा लांब बोटींवर कर आला. बोटींना चाकं नसली तरी शिडं असतात. त्या क्रोएशियाला, कॉर्सिकाला, जिथे जागा मिळाली तिथे गेल्या. मागे राहिले ते मरीनातले धक्केवाले, इंजिन मेकॅनिक, कपडे धुणारे. सरकारला काही महिन्यांत कराचं स्वरूप बदलावं लागलं आणि पुढे तो रद्दच झाला. उलट स्पेनने १५ मीटरवरच्या चार्टर यॉटवरचा १२ टक्के नोंदणीकर २०१३ मध्ये काढून टाकला, मंदी चालू असतानाच, बोटी परत याव्यात म्हणून.

---

दगडी_धक्का

माहिती नवीन होती, धन्यवाद. कर चुकीच्या ठिकाणी लावला तर तो कामगारावर जाऊन आदळतो, एवढं मान्य. पण त्यावरून कर लावूच नये असं निघत नाही. उत्पन्नावर लावा, वारशावर लावा. बोट पळते, घर पळत नाही. माझं मूळ मत मी बदललेलं नाही. तारेचा प्रसंग वाचून मात्र एवढं कळलं की या बोटीवर मालकापेक्षा वेगळी माणसंही राहतात.

---

निळी_वही

इतिहासातलं थोडं सांगते, कारण सगळे जण मंदी म्हणजे या धंद्याचा शत्रू असं गृहीत धरून बोलताहेत.

क्रूसह शिडाच्या जहाजावरची सुट्टी मंदीतूनच वर आली. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या मेन किनाऱ्यावर लाकूड, दगड वाहणारी जुनी शिडाची स्कूनर जहाजं माल नसल्याने खाडीत कुजत पडली होती. १९३६ साली कॅम्डेनमध्ये फ्रँक स्विफ्ट नावाच्या कॅप्टनने त्यातलं एक घेतलं, मालाच्या जागी झोपायच्या फळ्या टाकल्या आणि शहरातल्या पाहुण्यांना आठवडाभर फिरवायला सुरुवात केली. तो व्यवसाय आजही तिथे चालू आहे. त्याच काळात, १९३३ पासून, अर्व्हिंग जॉन्सन आणि एक्सी जॉन्सन हे जोडपं यँकी नावाच्या जहाजावरून तरुण मुलांना खर्च वाटून घेऊन जगप्रदक्षिणेला नेत होतं.

आणि नांगरपाळी यांनी ज्या इंग्लिश हार्बरचा उल्लेख केला, तिथला धंदाही युद्धानंतरच्या ओढगस्तीतला. १९४९ मध्ये कमांडर व्हर्नन निकल्सन मॉलीहॉक नावाच्या स्कूनरवरून बायको-मुलांसह तिथे आले, तेव्हा तिथली ब्रिटिश नौदलाची जुनी नेल्सन गोदी मोडकळीला आलेली होती. जवळ उतरलेल्या पाहुण्यांनी फिरवून आणाल का म्हणून विचारलं, आणि तिथून चार्टर सुरू झालं. डिसेंबरातलं ब्रोकर लोकांचं संमेलन, जिथे बूट काढून सागवानी डेकवर चढावं लागतं, ते त्याच परंपरेतलं.

या सगळ्यांकडे एक गोष्ट सारखी होती. जहाज जुनं आणि साधं, मोठं कर्ज काढून घ्यावं लागेल असं नाही. मंदीत बुडतं ते कर्ज, असं मला हे वाचताना वाटत राहतं.

---

एंजिनरूम

निळी_वही यांना +१. कर्जाचा मुद्दा अगदी नेमका आहे. फेरेट्टीसारखा मोठा यॉट कारखाना २००९ मध्ये कर्जाखाली दबला, शेवटी २०१२ ला त्यातला ७५ टक्के हिस्सा चीनच्या वेइचाय कंपनीकडे गेला. शिडाच्या मोठ्या यॉटसाठी जगात नाव असलेला पेरिनी नावी २०२१ च्या सुरुवातीला दिवाळखोर ठरला आणि त्याच वर्षी लिलावात विकला गेला. कारागिरी उत्तम असूनही.

मी खालच्या मजल्यावरचा माणूस, तेव्हा तिथलं सांगतो. सगळे शिडाकडे बघतात, पण शिडाच्या यॉटवर जनरेटर चोवीस तास चालतो. एसी, फ्रीझर, समुद्राचं पाणी गोडं करायचं यंत्र, सगळं त्यावर. पैसे वाचवायचे म्हटलं की पहिली कात्री सुट्या भागांवर. समुद्राचं पाणी खेचणाऱ्या पंपातला रबरी इंपेलर, तळहातावर मावेल एवढा. त्याची एक पाती तुटली की तुकडा पुढे इंजिन थंड ठेवणाऱ्या हीट एक्स्चेंजरमध्ये जाऊन बसतो आणि थोड्याच वेळात इंजिन तापतं. बोटीवर पाच इंपेलर असायला हवेत, मंदीच्या वर्षी मी एकावर हंगाम काढलाय.

आणि उभी बोट धावत्या बोटीपेक्षा लवकर खराब होते. बुकिंग नाही म्हणून सहा महिने बांधून ठेवली तर पाण्याच्या यंत्राचे पडदे सडतात, झडपा जाम होतात, टाकीतल्या डिझेलमध्ये बुरशी धरते. मंदीत स्वस्त मिळणारी बोट नुकतीच किती चालली आहे ते विचारा. आधीचे चार आठवडे भरलेली बोट रिकाम्या बोटीपेक्षा जास्त भरवशाची.

---

किनारा_सोडून

आमचा अनुभव लिहिते. २०१० मध्ये आम्ही तीन कुटुंबांनी मिळून ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समध्ये क्रूसह कॅटमरान घ्यायचं ठरवलं होतं. एका चालकाने खूपच कमी दर दिला, अट एकच, सगळे पैसे आत्ता भरा. आम्ही भरले. सहलीच्या पाच आठवडे आधी त्यांचा फोन लागेना. नंतर कळलं, धंदा बंद झाला होता आणि आमचे पैसे कधीच वेगळे ठेवलेले नव्हते. ते थेट धंद्याच्या रोजच्या खात्यात गेले होते आणि त्यातून आधीची देणी फेडली गेली होती. एक पैसा परत आला नाही. माझ्या मोठ्या जावेने त्या सहलीसाठी चार वर्षं भिशी भरली होती. तिने आम्हाला कधी एका शब्दाने बोल लावला नाही, पण त्यानंतर तिने समुद्राचं नाव काढलं नाही.

दोन वर्षांनी आम्ही दुसरीकडून गेलो, कॅप्टन आणि शेफ असं एकच जोडपं, ५० फुटी कॅटमरान. सुंदर आठवडा गेला. त्या कॅप्टनने मला जे सांगितलं ते इथे लिहिते. पैसे कुणाला देताय यापेक्षा कुठल्या खात्यात देताय ते बघा. ब्रोकरचं वेगळं, विश्वस्तासारखं खातं असेल आणि सहल सुरू होईपर्यंत रक्कम तिथेच राहील असं करारात असेल तरच भरा.

---

नांगरपाळी (धागाकर्ता)

किनारा_सोडून ताई, वाचून वाईट वाटलं. तुमच्या जावेला माझा नमस्कार सांगा.

त्या कॅप्टनचं म्हणणं शंभर टक्के खरं. त्याला जोडून आणखी एक धोका सांगतो, जो पाहुण्यांना माहीतच नसतो. क्रूचा पगार थकला तर सागरी कायद्यात क्रूचा हक्क थेट जहाजावर असतो, आणि तो बँकेच्या कर्जाच्याही आधी येतो. क्रू कोर्टात गेला तर बोट बंदरातच अटकेत जाते. म्हणजे तुम्ही पिशव्या घेऊन धक्क्यावर आणि बोटीच्या काचेवर कोर्टाचा कागद. तेव्हा "क्रूचे पगार वेळेवर होतात का" हा तुमच्या सुट्टीचाच प्रश्न आहे.

---

ओला_दोर

धागा वाचनखूण म्हणून साठवला. माझं वय २२, डेकहँड म्हणून जायची इच्छा आहे. अशा काळात या क्षेत्रात उडी मारावी का? एक एजंट नोकरी लावून देण्यासाठी आगाऊ पैसे मागतोय.

---

नांगरपाळी (धागाकर्ता)

ओला_दोर, आधी शेवटच्या वाक्याचं उत्तर. एक रुपयाही देऊ नकोस. सागरी कामगार करार २००६, एमएलसी म्हणतात तो, नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला मनाई करतो. वैद्यकीय प्रमाणपत्र, पासपोर्ट, खलाशाचं पुस्तक यांचा खर्च तुझा, बाकी नाही.

उडी मारावी का? २००९ च्या वसंतात अँटीबच्या आणि स्पेनमधल्या पाल्माच्या धक्क्यांवर सकाळी सात वाजता हातात कागद घेऊन चालणारी मुलं मी पाहिली आहेत, एका जागेला वीस-पंचवीस. दिवसभर डेक घासायचं काम मिळालं तरी नशीब. पण त्यांतले जे दोर नीट गुंडाळायचे, वेळेवर यायचे, आणि न सांगता बादली उचलायचे, ते हंगामाच्या अखेरीस बोटीवर होते. मंदीत लोक अनुभवी माणसाला महाग म्हणून काढतात आणि नव्याला घेतात, हेही घडतं. तुला संधी मिळेल. फक्त ती कुणाच्या जागी मिळतेय हे ठाऊक असू दे आणि बोटीवर उरलेल्या जुन्या माणसाकडून जमेल तेवढं शिक.

एसटीसीडब्ल्यूचं, म्हणजे खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांतलं, प्राथमिक सुरक्षा प्रशिक्षण आणि वैद्यकीय तपासणी आधी करून घे. लेखी नेमणूकपत्राशिवाय चढू नकोस, त्यात मालक म्हणून कुणाचं नाव आहे आणि बोट कुठल्या देशाच्या झेंड्याखाली आहे ते वाच. एमएलसी ऑगस्ट २०१३ ला लागू झाला, त्या मंदीच्या वेळी नव्हता. जानेवारी २०१७ पासून त्यात अशी सोय आहे की दोन महिने पगार मिळाला नाही तर खलाशाला वाऱ्यावर सोडलं असं धरतात आणि विम्यातून चार महिन्यांपर्यंतचा पगार आणि घरी परतायचं भाडं मिळतं. पण हे भाड्याने चालणाऱ्या बोटींना. निव्वळ खासगी यॉटवर हे कवच धरून चालू नकोस.

---

पहिलंच_पाणी

मी त्या चार जणांपैकी एक, ज्यांनी तुम्हाला फोन केला होता. माझ्या हातात एक प्रस्ताव आहे. २४ मीटरची स्लूप (एका डोलकाठीची), क्रू चार, ग्रीसची आयोनियन बेटं, सप्टेंबरचा शेवट, ७ च्या भाड्यात १० दिवस. सगळं वाचून आता मनात धाकधूक आहे. नेमकं काय विचारू?

---

नांगरपाळी (धागाकर्ता)

धाकधूक नको, ब्रोकरला सरळ ईमेल करा. डोलकाठीच्या तारा कोणत्या वर्षी बदलल्या? साधारण दहा वर्षांच्या पुढे गेल्या असतील तर विमेवालेसुद्धा तपासणीचा कागद मागतात, तो मागा. हा कॅप्टन आणि शेफ या बोटीवर किती हंगाम आहेत? क्रू टिकला असेल तर पगार होतोय, याहून चांगला पुरावा नाही. एंजिनरूम म्हणाले तसं, या उन्हाळ्यात किती आठवडे भरले? पैसे कुठल्या खात्यात राहणार? आणि १० दिवसांऐवजी ८ दिवस आणि थोडं कमी भाडं असं विचारून बघा. सप्टेंबरअखेर बोट रिकामीच असते, मालक ऐकेल, आणि क्रूला हिवाळ्याआधी दोन दिवस श्वास मिळेल.

उत्तरं गोलगोल आली तर दर कितीही चांगला असो, सोडून द्या.

---

पहिलंच_पाणी

उत्तर आलं, आज सकाळी. तारा तीन वर्षांपूर्वी बदलल्या आहेत, रिगरचं बिल आणि तपासणीचा कागद जोडलाय. कॅप्टन पाचवा हंगाम, शेफ तिसरा. डेकवरचे दोघं यंदाच आलेत. उन्हाळ्यात सहा आठवडे भरले. पैसे ब्रोकरच्या वेगळ्या खात्यात, सहल सुरू होईपर्यंत मालकाला जाणार नाहीत, हे करारात लिहून दिलंय. ८ दिवसांना होकार मिळाला, भाड्यात १२ टक्के कमी. ईमेलच्या शेवटी कॅप्टनने स्वतः दोन ओळी लिहिल्यात. तारांबद्दल विचारणारे पाहुणे त्याला पाच वर्षांत पहिल्यांदाच भेटताहेत, आणि आलो की मला डोलकाठीच्या पायथ्याशी नेऊन त्या दाखवणार आहे.

सही केली. टिश्यू पेपर सोबत नेतोय.